टीव्हीला जोडायचा डबा

व्हिडिओ गेम खेळायचा डबा बनवणाऱ्या एका कंपनीत मी साडेतीन वर्षं नोकरी केली. डबा बनला, बाजारात आला, पडला, आणि कंपनी बंद झाली. तो का चालला नाही असं कुणी विचारलं तर मी एका शब्दात सांगून मोकळी होते. मोबाईलमुळे, म्हणते. समोरच्यालाही तेवढंच हवं असतं. खरं उत्तर लांबलचक आहे आणि त्यात माझाही हात आहे, म्हणून ते मी सहसा सांगत नाही.

पौडच्या बाजारपेठेत माझ्या वडिलांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. अब्बांनी चाळीसेक वर्षं या तालुक्यातले टीव्ही उघडले. कुणाच्या घरात कुठला टीव्ही, तो कुठल्या भिंतीला, त्याच्या मागची वायर उंदरानं कुरतडली की पावसाचं पाणी आत उतरलं, हे त्यांना पाठ होतं. मी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्समध्ये बीएस्सी केलं, दोन वर्षं हिंजवडीला कानाला हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकल्या, आणि अम्मी गेल्यावर अब्बा एकटे पडले म्हणून पौडला परत आले. दुकानात काउंटरला बसायचे.

ती कंपनी काढणारे सर मला तिथंच पहिल्यांदा भेटले. पंचेचाळिशीचा माणूस, अंगात साधा टी-शर्ट, हातात उघडा सर्किट बोर्ड. बाहेरच्या देशात बारा-तेरा वर्षं दुसऱ्यांच्या कन्सोलचे, म्हणजे गेमच्या डब्यांचे, भाग बनवून ते परत आले होते. भुकूमला एक बंगला भाड्यानं घेतला होता आणि तिथं चार-पाच जणांना घेऊन आपला स्वतःचा, इथल्या घरांसाठी, इथल्या भाषेतले खेळ असलेला कन्सोल बनवत होते. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की टीव्हीबद्दल विचारायचं असेल तर पौडच्या चाचांना विचारा.

"काका, इकडच्या गावांत टीव्हीला मागे एचडीएमआय असतं का?"

अब्बांनी हातातली सोल्डरिंग गन खाली ठेवली नाही. "निम्म्यांना असतंय, निम्म्यांना न्हाई. ज्यांना हाय त्यांना एकच भोक. त्यात सेटटॉप घुसलेला."

"मग काढायचं ते आणि आपलं लावायचं. एका मिनिटाचं काम."

"काम एका मिनिटाचंच हाय. पर काढू कोण देनार?"

सर हसले आणि वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, अब्बांचं म्हणणं लिहून घेतलं. पुढं तीच वही माझ्या हाती आली तेव्हा त्या पानावर 'अडॅप्टर देणे' एवढंच होतं.

अब्बांना व्हिडिओ गेम नवा नव्हता. मी लहान असताना आमच्या दुकानात ते लाल-पांढरे, परदेशी मालाची नक्कल केलेले गेम ढिगानं विकले गेले होते. कॅसेट लावायची, वायर टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात खुपसायची, झालं. जत्रेत मिळायचे, भांड्यांच्या दुकानात मिळायचे. एका कॅसेटवर हजारो खेळ असं छापलेलं असायचं आणि आत तेच वीस खेळ उलटसुलट असायचे, तरी कुणाची तक्रार नव्हती. एक कॅसेट गावभर फिरायची. बिघडला तर अब्बा दहा मिनिटांत चालू करून द्यायचे. "त्याला कुनाची परवानगी लागत नव्हती," अब्बा म्हणायचे. "ना कंपनीची, ना इंटरनेटची. इकत घेतला की तुमचा."

सरांनी त्याच दिवशी मला नोकरी देऊ केली. मी लोकांच्या घरी जायचं, डबा जोडून द्यायचा, महिनाभर ठेवायचा, आणि आठवड्यातून एकदा जाऊन ते काय करतात ते बघून लिहायचं. भाषा येणारं, घरात घेतलं जाईल असं कुणीतरी त्यांना हवं होतं. पौडच्या चाचांची मुलगी म्हटल्यावर तालुक्यातलं कुठलंही दार उघडत होतं. घरापासून स्कूटीनं अर्धा तास, माझ्या शिक्षणाचं काम, आणि अब्बांना सोडून जावं लागणार नाही. मी लगेच हो म्हटलं.

भुकूमचा तो बंगला मला फार आवडायचा. तिन्ही बाजूंनी टॉवर उभे राहत होते, क्रशरची धूळ खिडकीच्या गजावर बसायची, आणि आत सर फळ्यावर समजावून सांगत असायचे. कन्सोलचा धंदा कसा असतो ते मी त्या फळ्यावर शिकले. डबा स्वस्त द्यायचा, प्रसंगी तोट्यात द्यायचा, आणि खेळ विकून कमवायचं. म्हणजे डबा घेतलेल्या माणसानं पुढं वर्षानुवर्षं खेळ घेत राहिलं पाहिजे. त्यासाठी चांगले खेळ हवेत. चांगले खेळ बनवणारे लोक तेव्हाच येतात जेव्हा लाखभर घरांत डबे असतात. आणि डबे घरांत तेव्हाच जातात जेव्हा खेळ चांगले असतात. सर एक गोल काढायचे आणि त्याच्यावर बोट फिरवत म्हणायचे, "हे चाक एकदा फिरलं की मग आपल्याला ढकलावं लागत नाही. पहिला धक्का फक्त आपण द्यायचा."

मी त्यांच्यावर पूर्ण विश्वास ठेवला. आजही म्हणेन की तो माणूस खोटा नव्हता.

मग मी घरं फिरायला लागले.

माले गावात एका घरी डबा जोडायला गेले तर टीव्ही जुना, ढेरीवाला. तिथून परतच आले. दुसऱ्या घरी नवा टीव्ही होता, पण तो आजोबांचा होता. म्हणजे विकत मुलानं घेतला होता, पण समोरची खाट आजोबांची, रिमोट आजोबांच्या उशाखाली, आणि सकाळी उठल्यापासून बातम्या. सेटटॉपची वायर काढायला मी हात घातला तर म्हणाले, "ए बाई, ती काढू नको. मागच्या बारीला काढली तर चार दिस चित्र न्हवतं." सून माझ्याकडं बघून मान हलवत होती, राहू द्या म्हणून. महिन्याभरानं मी डबा आणायला गेले तेव्हा तो खोक्यातून निघालाच नव्हता. वर लोकरीचं कापड घालून नीट ठेवला होता.

पौडात एका शिक्षकांच्या घरी पहिला आठवडा मुलांनी धुमाकूळ घातला. दुसऱ्या आठवड्यात परीक्षा आली आणि सरांनी, म्हणजे त्या शिक्षकांनी, डबा कपाटात टाकून कुलूप लावलं. भुकूमच्या एका फ्लॅटमध्ये टीव्ही भिंतभर मोठा, इंटरनेट झकास. तिथल्या मुलीनं दहा मिनिटं खेळून मला सरळ विचारलं, "दीदी, हे असलीवाल्यासारखं का नाही?" तिच्या मामाकडं परदेशी कन्सोल होता. आणि सगळीकडंच, गावात काय आणि फ्लॅटमध्ये काय, ज्याला खेळायचं होतं तो कोपऱ्यात भिंतीला टेकून मोबाईलवर खेळत बसलेला असायचा. फुकट. कुणालाही न विचारता. सेटटॉपची वायर न काढता.

हे सगळं मी लिहीत होते. खरंखुरं लिहीत होते.

भरे गावातलं घर मात्र वेगळं निघालं. रस्त्यालगत जुनं घर, त्याच्यामागं पत्र्याच्या नऊ खोल्या, पिरंगुटच्या कारखान्यांत कामाला आलेल्या उत्तरेकडच्या पोरांना भाड्यानं दिलेल्या. घरच्या काकी पन्नाशीच्या पुढच्या. मूळच्या बागायतदाराच्या घरातल्या, पण आता शेत थोडंच राहिलं होतं आणि नवऱ्याचा सगळा जीव खोल्या वाढवण्यात. आधी मागचा गोठा गेला, मग पडवी, मग काकींचं स्वयंपाकघर. चूल-गॅस सगळं त्यांनी पुढच्या खोलीत एका कोपऱ्यात आणलं होतं, टीव्हीच्या शेजारी. डबा त्यांच्या मुलानं मागून घेतला होता, पण तो चाकणला नोकरीला लागला आणि डबा तसाच जोडलेला राहिला.

दुसऱ्या भेटीला मी गेले ती दुपारची वेळ होती. दार लोटलेलं. आत काकी जमिनीवर मांडी घालून बसलेल्या, हातात कंट्रोलर, आणि समोर आमचा गाव वसवायचा खेळ. मला बघून त्यांनी तो पदराखाली लपवला.

"काकी, असू द्या. त्यासाठीच तर आलेय मी."

"आगं, बगत व्हते नुसतं. बंद कसा करायचा त्येच घावंना."

मी पडद्याकडं पाहिलं. बंद न करता आलेल्या माणसाचं ते काम नव्हतं. ओढ्याकाठी एक घर उभं होतं. त्याला सोपा, मागं अंगण, विहीर, आणि एक मोठं स्वयंपाकघर, पूर्वेला दोन खिडक्या असलेलं. त्या खेळात खिडक्या लावायची सोय आहे हे मलाही माहीत नव्हतं.

"हे तुम्ही केलंत?"

त्यांनी कंट्रोलर पदराखालून बाहेर काढला. मग हळूच सरकून मला बसायला जागा दिली आणि दाखवायला लागल्या. ही माजघराची खोली. ही न्हाणी, हिला दार हाय बग. ही माजी खोली. "आन् हितं भाडेकरू न्हाईत," त्या म्हणाल्या. "मी ठिवलेच न्हाईत."

त्या रोज दोन ते चार खेळायच्या. नवरा पिरंगुटला गेलेला, भाडेकरू पाळीवर. चारला पाण्याचा नळ यायचा, तेव्हा बंद. कंट्रोलरची बटणं त्यांच्या बोटांना कडक जायची, अंगठा दुखायचा, त्यावर तेल चोळून परत बसायच्या. महिना उलटला तरी तो डबा मी परत नेला नाही, दर आठवड्याला जायला लागले. कामापुरतं थांबायचं असायचं, पण मी चहा घेऊन तासभर बसायचे. अम्मी गेल्यापासून दुपारी कुणाजवळ बसायची सवय मोडली होती.

सहा महिन्यांनी सरांनी अहवाल मागितला. मी तीस पानं लिहिली. टीव्ही कुणाचा असतो, वायर कोण काढू देत नाही, वीज कधी जाते, परीक्षा कधी असतात, मोबाईल फुकट कसा पडतो. शेवटी लिहिलं की या स्वरूपात हा डबा बहुतेक घरांत पहिल्या महिन्यानंतर चालू राहणार नाही.

सरांनी माझ्यासमोरच वाचला.  वाचून झाल्यावर त्यांनी कागद नीट जुळवले.

"हे सगळं खरं आहे?"

"हो सर."

"एकही घर नाही? एक तरी घर असं सांग, जिथं तुला वाटलं की हा डबा काढून घेतला तर यांना चुकल्यासारखं होईल."

मी काकींचं सांगितलं. सांगता सांगता माझाच आवाज बदलला असणार, कारण सर खुर्चीतून पुढं सरकले. पुन्हा सांग, म्हणाले. खिडक्यांचं सांग. त्यांनी फळा पुसला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: दुपार. "टीव्ही दुपारी रिकामा असतो," ते म्हणाले. "घरातली बाई. तिच्यासाठी कुणीच खेळ बनवलेले नाहीत. तूच शोधलंस हे. तू अहवाल यावर लिही. बाकीचं आहे ते परिशिष्टात जाऊ दे."

त्यांनी मला खोटं लिहायला सांगितलं नाही. ते मी मनानं केलं. घरी बसून मी काकींची बारा पानं लिहिली आणि बाकीची घरं दोन पानांत आटपली. 'भरे येथील गृहिणी' असं लिहायच्या जागी 'ग्रामीण गृहिणी' लिहिलं. एका बाईच्या जागी सगळ्या बायका झाल्या, एका शब्दानं. मला कळत होतं मी काय करतेय. दुपारचे ते दोन तास मोकळे मिळणं हे काकींच्या घरातल्या रिकामपणामुळं होतं. बाकीच्या घरांतल्या बायका दुपारी रानात नाहीतर कारखान्याच्या पाळीवर होत्या. हेही मला माहीत होतं. पण खरं लिहिलं तर बंगला बंद होईल, आणि मी परत काउंटरला किंवा परत हिंजवडीला. त्याहून मोठं म्हणजे, सरांनी 'तूच शोधलंस' म्हटलं होतं. मला असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

अब्बांनी चष्मा लावून ती पानं वाचली. मराठी वाचायला त्यांना वेळ लागायचा नाही, तरी त्या दिवशी फार वेळ लावला.

"एकाच घरावरनं लिवलंयस व्हय?"

"अब्बा, ते नमुना म्हणून असतं."

"आसंल," ते म्हणाले आणि पानं परत दिली.

त्या अहवालावर पैसे घालणारे लोक राजी झाले. सरांनी भरे गावाच्या पुढं एक मोठी शेड घेतली. ठरलं होतं त्याच्या कितीतरी पट डबे करायचं ठरलं, कारण जास्त केले तरच एकेक स्वस्त पडत होता. दिवाळीच्या आधी बाजारात आणायचे, कारण वर्षभरात अशी वस्तू घरात येते ती दिवाळीलाच. पण एक बारीकशी चिप बंदरात अडकली. ती आली तोवर आकाशकंदील उतरवले गेले होते. आमचे डबे दुकानांत लागले ते संक्रांतीनंतर, म्हणजे शाळांच्या परीक्षांच्या तोंडावर. त्याच सुमारास खेळ लिहिणाऱ्या दोघांपैकी एक जण बंगळूरला निघून गेला. येणार म्हणून खोक्यावर छापलेले सहा खेळ आलेच नाहीत. बाहेरचे खेळ बनवणारे म्हणाले, आधी डबे खपू द्या, मग बघू. सरांचं ते चाक होतं तिथंच राहिलं.

अब्बांच्या दुकानात आम्ही एक डबा चालू करून ठेवला होता. बाजाराच्या दिवशी गर्दी व्हायची. लोक थांबायचे, बघायचे, हात लावायचे, आणि जवळपास प्रत्येक जण तोच प्रश्न विचारायचा: "चाचा, मोबाईलवरचा तो गोळ्या मारायचा गेम ह्यात चालतो का?" नाही म्हटलं की हसून पुढं जायचे. तरी काही जणांनी घेतले. अब्बांनी सांगितलं म्हणून घेतले. अब्बा कुणाला घ्या म्हणाले नसते, माझ्याकरता म्हणाले. "पोरीच्या कंपनीचा हाय," एवढंच म्हणायचे, आणि माणूस घ्यायचा.

पावसाळ्याच्या आत ते डबे परत यायला लागले. कुणाचा जोडला जात नव्हता, कुणाचा इंटरनेटशिवाय उघडत नव्हता. सरांनी चोरून नक्कल होऊ नये म्हणून प्रत्येक खेळ आमच्या सर्व्हरला, म्हणजे कंपनीच्या लांबच्या कॉम्प्युटरला, विचारूनच सुरू होईल असं केलं होतं. ताम्हिणीकडच्या वाड्यांत पाऊस लागला की नेटवर्क जातं, मग डबा पडद्यावर नुसता गोल फिरवत बसायचा. अब्बा तो उघडायचे आणि आत बघून तसाच बंद करायचे. आत दुरुस्त करण्यासारखं काही नसायचंच.

"ह्यात मी काय करू?" एकदा ते मला म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरोखरच विचारत होते. एक जुना गिऱ्हाईक, ज्याच्या घरातले तीन पिढ्यांचे टीव्ही अब्बांनी बघितले होते, तो खोका काउंटरवर ठेवून तसाच निघून गेला होता. पुढं त्यानं नवा टीव्ही पिरंगुटहून घेतला. तो आमच्या दुकानावरून जाताना रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जायचा. अब्बा ते बघायचे.

भरेच्या शेडमध्ये खोक्यांच्या रांगा छताला लागल्या. मी एका दुपारी सरांना शोधत गेले तर ते एका कोपऱ्यात स्टुलावर बसून डबे उघडत होते. एकेक स्क्रू काढून वाटीत, बोर्ड एका बाजूला, कवच एका बाजूला. निदान चिपा तरी विकता येतील, म्हणाले. दाढी वाढलेली. मी शेजारी बसून स्क्रू काढायला लागले. बराच वेळ आम्ही तसंच काम केलं.

"सर, मी पहिला अहवाल लिहिला होता तो..."

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "तो मी फेकला नाही. घरी आहे. मी तो तीनदा वाचलाय."

"मग?"

"मग काय. त्यात खरं होतं, आणि दुसऱ्यात मला हवं होतं." त्यांनी पुढचा डबा उचलला. "तुझा दोष नाही."

त्यांनी मला असं सोडून द्यायला नको होतं. ते ओरडले असते तर मी काहीतरी बोलले असते, रडले असते. त्यानंतर आम्ही दोघांनी कधी तो विषय काढला नाही. कंपनी बंद झाली तेव्हा त्यांनी प्रत्येकाला स्वतः फोन केला. भुकूमच्या बंगल्यावर आता कसलंसं योगाचं केंद्र आहे. सर कुठं असतात ते मला माहीत नाही. एकदा मेसेज टाकला होता, त्यावर एकच टिकची खूण राहिली, म्हणजे तो पोचलाच नाही.

सर्व्हर बंद होणार होता ती तारीख मला आधी कळली. ज्यांच्या घरी डबे होते त्या सगळ्यांना इंग्रजीतून मेसेज गेला. काकींना तो वाचता येणार नव्हता, आणि त्यांचा नंबर यादीत नव्हताच, मुलाचा होता. म्हणून मी गेले. जायचं ठरवूनही आठवडाभर टाळलं आणि गेले तोवर तारीख उलटून गेली होती.

दार लोटलेलं होतं. काकी टीव्हीसमोर बसल्या होत्या. पडद्यावर गोल फिरत होता.

"आलीस बरं झालं," त्या म्हणाल्या. "तीन दिस झालं, नुसतं गरागरा फिरतंय. वायर हलवून बगितली. जरा बग की."

मी चप्पल काढून आत आले, पण बसले नाही. "काकी, तो आता चालू नाही व्हायचा. कंपनी बंद झाली."

"तुजी?"

"हो."

"आगं बया. मग तुजी नोकरी?"

"गेली."

त्यांनी मला हाताला धरून बसवलं आणि पाणी आणायला उठल्या. पाणी देताना म्हणाल्या, दुसरी मिळंल, शिकलेली हायेस. मी पाणी प्यायले. त्या परत पडद्याकडं बघत होत्या.

"पर कंपनी बंद झाली म्हंजी... डबा तर हाय की हितं. माज्या घरात हाय."

"डबा इथं आहे. पण खेळ तिकडून येत होता. तुमचं ते घर, ते सगळं तिकडं ठेवलेलं होतं."

"तिकडं कुटं?"

 मीही ते यंत्र कधी पाहिलं नव्हतं. कुठल्यातरी शहरात, भाड्याच्या जागेत ते होतं, आणि भाडं थांबल्यावर ते पुसलं गेलं होतं. मी म्हटलं, लांब आहे.

"आन् आता?"

"आता नाही राहिलं, काकी."

 त्यांनी कंट्रोलर उचलला, त्याची वायर हाताला गुंडाळली, आणि मग परत सोडवली. शेवटच्या दिवसांत त्यांनी मागच्या अंगणात एक झाड लावलं होतं, ते मला दाखवायचं राहिलं होतं, असं म्हणाल्या. कसलं झाड, मी विचारलं. फणस, म्हणाल्या. त्या खेळात फणस नव्हता. जे काही गोलसर, हिरवं झाड होतं त्याला त्या फणस म्हणत असणार.

"तू मला म्हनाली आसतीस ना आदी," त्या हळूच म्हणाल्या, "तर मी बगून घेतलं आसतं येकदा."

 मी आठवडाभर टाळलं होतं हे त्यांना सांगितलं नाही. बाहेर नळ आला आणि भाडेकरूंच्या बादल्यांचा आवाज सुरू झाला, तशा त्या उठल्या. टीव्ही बंद केला. डब्याची वायर स्वतःच काढली, सेटटॉपची जोडली, आणि डबा माझ्या हातात दिला, कंपनीचा होता म्हणून. मी घेतला. घ्यायला नको होता.

अब्बांनी त्याच वर्षी दुकान दुसऱ्याला देऊन टाकलं. तिथं आता मोबाईलची कव्हरं मिळतात. ते घरीच असतात, खुर्चीत बसून बातम्या बघतात, आणि टीव्हीचा आवाज खराब झाला तरी मागचं झाकण उघडत नाहीत. मी भुकूमच्या एका सोसायटीच्या ऑफिसात आहे. पाण्याच्या टँकरच्या वेळा बघते, पार्किंगची भांडणं सोडवते. परदेशी कन्सोलची खोकी कुरिअरनं येतात, त्यांची नोंद मीच करते.

काकींकडं मी पुन्हा गेले नाही. मधे एकदा पिरंगुटच्या बाजारात त्यांचा मुलगा भेटला. आई बरी आहे, म्हणाला. पुढची खोलीसुद्धा आता भाड्यानं दिली आहे, आतल्या खोलीत त्यांनी गॅस हलवला आहे. "टीव्ही?" मी विचारलं. तो म्हणाला, टीव्ही भाडेकरूंच्याच खोलीत राहिला, जागाच नव्हती, आणि नाहीतरी आई काही बघत नाही.

मी बरं म्हटलं, आणि भाजी घेऊन बसस्टॉपवर आले.